परदा बांधून पाहिलेले भावे-सुकथनकर

शहाद्याकडच्या एका तरुण शिक्षकाचा प्रश्न आहे. त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीचं नाव खूप ऐकलंय, सिनेमा पाहिला मात्र एकच, ‘कासव’, तोही मोबाईलवर आणि तुकड्यातुकड्यांनी. ‘तुमचे आवडते कोणते, सुरुवात कशापासून करू, आणि शाळेच्या पटांगणात गावाला दाखवायचा झाला तर कोणता दाखवू?’ असं त्यांनी विचारलंय.

माझी ओळख आधी सांगतो, म्हणजे उत्तर कुठल्या खुर्चीतून येतंय ते कळेल. शाळेत असताना सुट्टीत मी सारंगखेड्याच्या यात्रेत टुरिंग टॉकीजवाल्यांच्या हाताखाली होतो. रीळ गुंडाळायचं, तुटलं की फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायचं, मास्तर म्हणेल तेव्हा प्रोजेक्टरच्या दिव्यासाठी कार्बनच्या कांड्या द्यायच्या. पुढे फिल्म सोसायटीचं वेड लागलं आणि गेली पंचवीस-सव्वीस वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत जिथे कोणी बोलावेल तिथे परदा बांधतो. समीक्षक मी नाही. सिनेमा चालू असताना माझं तोंड निम्मा वेळ परद्याकडे आणि निम्मा वेळ लोकांकडे असतं. त्यामुळे माझी आवड शंभर टक्के माझी राहिलेली नाही. ती लोकांनी घडवली आणि काही वेळा बिघडवलीसुद्धा.

‘कासव’ मोबाईलवर पाहिलात, त्याबद्दल बोलणार नाही. मी स्वतः त्याच्याशी याहून वाईट वागलोय. ते पुढे सांगतो.

ही जोडी जमली कशी, एवढं माहीत असलं की सिनेमे सोपे जातात. सुमित्राताई (१९४३–२०२१) समाजशास्त्राच्या माणूस. पुण्यात समाजकार्य शिकवायच्या, ‘स्त्रीवाणी’ या संस्थेच्या कामात झोपडपट्टीतल्या बायांशी बोलून संशोधन करायच्या. अहवाल तयार झाला तेव्हा अडचण कळली. ज्यांच्याविषयी तो लिहिला होता, त्यांना तो वाचता येणार नव्हता. मग कागद बाजूला ठेवून १९८५ साली त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. कॅमेऱ्याचं शिक्षण काही नव्हतं, तरी पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुनील सुकथनकर वयाने बरेच लहान, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकलेले. पटकथा बहुतेक ताईंची, गाणी बहुतेक सुनीलजींची आणि दिग्दर्शन दोघांचं. १९९५च्या ‘दोघी’पासून २०२१च्या ‘दिठी’पर्यंत डझनाहून जास्त चित्रपट आणि पन्नासहून जास्त लघुपट त्यांनी केले.

यामुळे एक शिक्का बसला, ‘हे विषयांवरचे सिनेमे काढतात’. एड्सवर ‘जिंदगी झिंदाबाद’, पांढऱ्या डागांवर ‘नितळ’, स्किझोफ्रेनियावर ‘देवराई’, अल्झायमरवर ‘अस्तु’, नैराश्यावर ‘कासव’. यादी अशी मांडली की आरोग्य खात्याची भिंतच डोळ्यांपुढे येते. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. लोकांकडे बघत बसण्याची सवय लागली तेव्हा उलगडा झाला. या सिनेमांत आजारी माणूस मधोमध असतो खरा, पण गोष्ट असते त्याच्या शेजारच्याची. बहिणीची, मुलीची, ड्रायव्हरची, माहुताच्या बायकोची. खान्देशातल्या कुठल्याही गावात आजारी माणूस एक आणि त्याच्या शेजारचे दहा. तो सिनेमा त्या दहांना लागतो.

माझा पहिला नंबर ‘वास्तुपुरुष’. २००२चा हा चित्रपट, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला होता. कूळकायद्यात जमिनी गेलेलं एक देशपांडे घराणं, मोठा वाडा आणि आत काही नाही. घरातले पुरुष एक तर जुन्या आदर्शांत अडकलेले, नाही तर वाड्यात कुठेतरी पुरलेलं धन शोधायला खड्डे खणणारे. आणि आई, उत्तरा बावकर. तिने धाकट्याला डॉक्टर करायचं ठरवलंय. तेही फ्लॅट-गाडीसाठी नाही, या घराने गावातल्या गरिबांचं जे घेतलं ते फेडावं म्हणून. म्हातारपणी गावी परत येणारा तो डॉक्टर झालेत नाटककार महेश एलकुंचवार, हा माणूस नट म्हणून क्वचितच दिसतो. सदाशिव अमरापूरकर, अतुल कुलकर्णी, रवींद्र मंकणी, सगळी मंडळी आहेत, पण सिनेमा बावकर बाईंचा.

धनासाठी खणणं ही आमच्याकडे नुसती कल्पना नाही. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, जाड मातीच्या भिंतींची, आणि प्रत्येक गावात एक तरी असं घर असतं जिथे आजोबांनी कोनाड्याखाली हंडा पुरल्याची गोष्ट चालत आलेली असते. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात असाच अर्धा पडलेला वाडा होता, त्याच्या चौकातच आम्ही ‘वास्तुपुरुष’ लावला. मालक आप्पा सत्तरीचे, पुढच्या खाटेवर. परद्यावर कुदळ चालायला लागली तशी मागच्या पोरांत खसखस पिकली, कारण आप्पांनी तरुणपणी तेच केल्याचं साऱ्या गावाला ठाऊक होतं. आप्पा मान न वळवता म्हणाले, ‘हसा रे. मी तीन हात खणलं व्हतं. यानं चार खणलं.’ मग शेवटपर्यंत कोणी हसलं नाही. सिनेमा संपल्यावर वायर गुंडाळत होतो, तर आप्पा चौकाच्या एका कोपऱ्यात उभे राहून पायाने माती चाचपत होते. तिथली फरशी बाकीच्यापेक्षा दोन बोटं खाली होती.

‘वास्तुपुरुष’ पाहताना उतावीळ होऊ नका. तो लांब आहे आणि मध्ये थोडा रेंगाळतो. आजच्या मुलांना पहिला अर्धा तास जड जाईल. तुमच्या पटांगणात तो नको. घरी, एकट्याने, किंवा ज्यांनी वाडा पडताना पाहिलाय अशा चार माणसांत बघा.

पटांगणासाठी विचारत असाल तर उत्तर एकच, ‘एक कप च्या’. कोकणातला बस कंडक्टर काशिनाथ, म्हणजे किशोर कदम. त्याच्या साध्या घराला त्र्याहत्तर हजारांचं विजेचं बिल येतं. चूक उघड आहे, पण ती चूक आहे असं लिहून द्यायला कोणी तयार नाही. मग हा माणूस माहितीच्या अधिकाराचा कागद हातात घेतो. तो कायदा २००५चा, चित्रपट २००९चा, म्हणजे तेव्हा हत्यार नवं कोरं होतं. विषय रुक्ष वाटतो, पण अख्खा सिनेमा हसतखेळत जातो. आमच्याकडे बिलाचा आकडा परद्यावर दिसला की जे हसू फुटतं, ते कुठल्या विनोदी सिनेमालाही मी ऐकलेलं नाही. ज्यांच्या विहिरीवर मोटार आहे अशा माणसांचं ते हसू असतं. शिंदखेड्याकडच्या एका गावात तर शो संपल्यावर सरपंचाच्या ओट्यावर रात्री अकराला अर्ज लिहायची शिकवणीच लागली. अर्जाची फी दहा रुपये हे ऐकून एक जिभाऊ म्हणाले, ‘दहाच? मंग दोन लिखू.’

नवरा-बायको म्हणून किशोर कदम आणि अश्विनी गिरी यांच्याकडे लक्ष ठेवा. गरीब घर दाखवायचं म्हटलं की आपल्या सिनेमात एक तर रडारड, नाही तर फाटकी चादर. इथे चहा उकळतो, म्हातारी बोलते, मुलं अभ्यास करतात, आणि त्या सगळ्याच्या मध्ये ते बिल बसलेलं असतं.

आता ‘अस्तु’. डॉ. मोहन आगाशे यात चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे मोठे पंडित, निवृत्त, आणि आता स्मृती सुटत चाललेली. मुलीबरोबर गाडीतून निघालेत, ती जरा खाली उतरते, तेवढ्यात रस्त्यावर हत्ती दिसतो आणि शास्त्री लहान मुलासारखे त्याच्या मागे चालू पडतात. पुढची गोष्ट दोन ठिकाणी चालते. इकडे मुलगी (इरावती हर्षे) शोधत फिरते, तिकडे माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) या अनोळखी म्हाताऱ्याला सांभाळते. अमृता सुभाषला यासाठी सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्राताईंना संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो पंधरा-सोळा वेळा तरी लावला असेन. दर वेळी मला चन्नम्माच जास्त दिसते. जिने आयुष्यात पुस्तक धरलेलं नाही ती पंडिताला भरवते, आणि त्याला ती आई वाटते. हे सांगायला सोपं आहे, करून दाखवायला महाकठीण. जरा साखर जास्त झाली की किळस येते. या बाईने एक चिमूटही जास्त टाकलेली नाही.

एका शोला एक सून तिच्या सासऱ्यांना घेऊन आली होती. बाबांना काही समजत नव्हतं. बंडी, धोतर, डोक्यावर टोपी, आणि सारखं उठून चालायला लागायचं. तिने आपल्या पदराचं टोक त्यांच्या बंडीच्या काजात ओवून गाठ मारलेली. ते उठले की पदर ओढला जायचा, ती न बघता हात धरून खाली बसवायची आणि पुन्हा परद्याकडे बघायची. दोन तासांत निदान वीसदा. चर्चेला आम्ही तालुक्याहून एक डॉक्टर आणले होते. ते आजाराबद्दल चांगलं बोलले, लोकांनीही ऐकून घेतलं. शेवटी ती उभी राहिली. तिला आजाराबद्दल काही विचारायचं नव्हतं. तिने विचारलं, ‘त्या हत्तीवालीनी त्याले घरमा काबरं लिधं?’ म्हणजे त्या परक्या म्हाताऱ्याला तिने घरात घेतलंच का? डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. अजून माझ्याकडे उत्तर नाही. त्यानंतर ‘अस्तु’ लावला की चर्चेला डॉक्टर आणायचं मी बंद केलं. गावातलीच कोणीतरी सांभाळणारी बाई पुढे बसवतो.

आता ‘कासव’ आणि माझी चूक. २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत याला सुवर्णकमळ मिळालं, देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. मराठीत हे पहिल्यांदा १९५४ साली ‘श्यामची आई’ला मिळालं होतं. आमच्याकडे ही गोष्ट जरा जास्त अभिमानाने सांगतात, कारण ती गोष्ट लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे मास्तर. तर बातमी ताजी आणि आमची छाती फुगलेली. पुढे सिनेमा हाती येताच मी यावल तालुक्यात केळीच्या भर हंगामात, रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या मैदानात तो लावला. परवानगी रीतसर घेतलेली. पण रात्रभर केळीच्या गाड्या भरून जात होत्या, वारा परद्याचं शीड करून सोडत होता, आणि सिनेमा कुजबुजत बोलणारा. ‘कासव’मध्ये अर्धा वेळ समुद्राचा आवाज आणि माणसांची शांतताच ऐकायची असते. ऐकू आला तो ट्रकचा हॉर्न. पाऊण तासात निम्मं मैदान मोकळं. लोकांना सिनेमा कळला नाही, असं मी तेव्हा बोलून गेलो. तो सिनेमा लोकांपर्यंत पोचलाच नव्हता आणि न पोचवणारा मीच होतो.

दोन वर्षांनी तोच एका महाविद्यालयाच्या बंद सभागृहात, नव्वद मुलांसमोर लावला. मनगट कापून घेतलेला, दवाखान्यातून पळालेला एक मुलगा (आलोक राजवाडे) जानकीच्या हाती लागतो. जानकी स्वतःच नैराश्यातून नुकतीच बाहेर येतेय. ती त्याला घरात ठेवून घेते आणि नाव-गाव-कारण काही विचारत नाही. आपल्या समाजात हे न विचारणंच सगळ्यात अवघड. आपल्याकडे मुलगा गप्प झाला की पाहुण्यांसकट सगळे विचारतात, ‘काय कमी आहे तुला?’ सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. इरावती हर्षे चांगलीच आहे, पण मला आवडतो तो यदू ड्रायव्हर, पुन्हा किशोर कदम. त्याला या पोराचा राग येतो, दया येते, सगळं आपल्यासारखं होतं. कासवांचं संवर्धन करणारे दत्ताभाऊ आहेत मोहन आगाशे, जे खऱ्या आयुष्यात मनोविकारतज्ज्ञ आणि या चित्रपटाचे निर्मातेही. तेव्हा पुन्हा पाहा सर, पण मोठ्या परद्यावर आणि एका बैठकीत. सुवर्णकमळ मिळालं म्हणून हा माझ्या यादीत पहिला नाही. कासवाच्या कवचाची उपमा जरा जास्तच वेळा समोर येते, तिथे मला दिग्दर्शकांचा हात दिसतो. ‘अस्तु’त तो दिसत नाही.

‘देवराई’बद्दल मी निष्पक्ष राहूच शकत नाही, कारण त्यात धुळं आहे. परद्यावर नाही, परद्यामागे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले जगन्नाथ वाणी मूळचे आमच्या धुळ्याकडचे. स्किझोफ्रेनिया त्यांनी घरातच पाहिलेला. त्यातून पुण्यात त्या आजाराबद्दल जागृती करणारी संस्था उभी राहिली आणि २००४चा ‘देवराई’ तिच्या आधाराने झाला. धुळ्यातल्या का. स. वाणी स्मृती प्रतिष्ठानचं नावही त्याच्याशी जोडलेलं आहे. अतुल कुलकर्णीचा शेष कोकणातल्या गावाच्या देवराईत मनाने अडकलाय, आणि बहीण सोनाली कुलकर्णी त्याला शहरात आपल्या संसारात घेऊन येते. पुरस्कार मिळाला तो पर्यावरणाच्या गटात, आजाराच्या नव्हे. मला ते बरोबरच वाटतं. आमच्या सातपुड्यात पावरा, भिल्ल वस्तीत देवाच्या नावाने राखलेली झाडं आहेत. तिथल्या माणसाला शेषचं जंगल समजावून सांगावं लागत नाही. आजार समजावून सांगावा लागतो.

यात डोळा ठेवा त्या बहिणीच्या नवऱ्यावर. तुषार दळवी. वाईट माणूस नाही, फक्त दमलाय. अशा घरांत कोणी एक दमलेला असतोच आणि त्याची बाजू सिनेमे सहसा घेत नाहीत.

‘नितळ’ थोडा भाषणाकडे झुकतो, हे स्पष्ट सांगतो. अंगावर पांढरे डाग असलेली डॉक्टर मुलगी, लग्नाचा प्रश्न, पुण्यातलं शिकलेलं कुटुंब, आणि त्यात चक्क विजय तेंडुलकर नट म्हणून. पण देविका दफ्तरदार कुठेही कीव मागत नाही. मुलींच्या वसतिगृहात लावायला याच्यासारखा दुसरा नाही. ‘वेलकम होम’ (२०१९) चाळिशीच्या बायांना लागतो. मृणाल कुलकर्णीची सौदामिनी नवऱ्याचं घर सोडून माहेरी येते आणि मग ‘आपलं घर’ म्हणजे नेमकं कुठलं, हे तिला कळेनासं होतं. पुरुष त्या शोला मागे उभे राहून तंबाखू मळतात. ‘संहिता’ दिसायला-ऐकायला देखणा, आरती अंकलीकरांच्या गाण्याला आणि शैलेंद्र बर्वेंच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार, पण मी त्याच्या प्रेमात कधी पडलो नाही. ‘हा भारत माझा’ अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या तापात केलेला, तो ताप उतरल्यावर फिका वाटतो.

‘दोघी’ मात्र सोडू नका. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी, दोन बहिणी. लग्नाला निघालेला नवरदेव अपघातात जातो आणि अपशकुनी ठरते ती नवरी. मग मामा तिला मुंबईला पोचवतो, आणि कुठे ते सगळं घर समजून न समजल्यासारखं करतं. तीस वर्षं झाली, आमच्या लग्नघरात आजही हे वाक्य तसंच्या तसं कानावर येतं: ‘पोरीचा पायगुण.’

‘दिठी’ सर्वात शेवटी सांगतोय, कारण तो सर्वात शेवटी आला. सुमित्राताई एप्रिल २०२१मध्ये गेल्या, साधारण महिन्याने तो सोनी लिव्हवर आला. दि. बा. मोकाशींच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवरचा. रामजी लोहार, तीस वर्षं पंढरीची वारी केलेला. तरणा मुलगा पाण्यात गेला, सुनेला मुलगी झाली, आणि हा तिचं तोंड पाहायला तयार नाही. बाहेर पाऊस, घरात ज्ञानेश्वरांच्या ओव्या, आणि तिकडे एक गाय अडलीय, जिला सोडवायला हात हवेत ते रामजीचेच. कंडक्टर, ड्रायव्हर आणि आता लोहार. किशोर कदमांच्या हातांवर कोणीतरी वेगळा लेख लिहायला हवा.

आमच्याकडून मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते, पंढरपूरची सर्वात लांब पल्ल्याच्या पायी वाऱ्यांपैकी ती एक. महिनाभर चाललेल्या सहा-सात वारकऱ्यांना मी परत आल्यावर एका घरात टीव्हीवर ‘दिठी’ दाखवला. ओव्यांच्या वेळी ते सोबत म्हणायला लागले, मला वाटलं झालं, आता भजन होणार. पण गाय अडली तशी सगळे गप्प. त्यांतले एक बाबा गुराढोरांचे जाणते. ते पुढे सरकून टीव्हीपाशी उकिडवे बसले आणि रामजीला सूचना द्यायला लागले. ‘आता नको ओढू. थांब. तिला कळ येऊ दे.’ वासरू बाहेर आलं तेव्हा त्यांनी स्वतःचे हात धोतराला पुसले.

शाळेतल्या मुलांसाठी मात्र पहिला शो ‘दहावी फ’चा करा सर. हुशारांची अ तुकडी, ढ पोरांची फ तुकडी, चिडून प्रयोगशाळेची केलेली मोडतोड, आणि नुकसान पोरांनी स्वतः कमावून भरून द्यावं असं सांगणारा मास्तर अतुल कुलकर्णी. तुमच्या मुलांना समजावून सांगायची गरज पडणार नाही. तुमच्या सहकाऱ्यांना कदाचित पडेल. त्यांना पहिल्या रांगेत बसवू नका, नाहीतर मुलं मोकळी हसणार नाहीत.

निर्मात्यांकडून दाखवायची परवानगी लेखी घ्या. उन्हाळ्यात आठच्या आत सुरू करू नका, शहाद्याला साडेसातलाही परद्यावर उजेड असतो. स्पीकर परद्याच्या मागे नको, दोन्ही बाजूंना आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. या जोडीच्या सिनेमात माणसं हळू बोलतात. परद्याला खालूनही दोऱ्या बांधा. आणि चादर लावणार असाल तर पांढरी, धुतलेली. मी एकदा लग्नघरातून आणली होती, ‘अस्तु’भर शास्त्रीबुवांच्या कपाळावर हळदीचा हात उमटलेला होता.